पस्तिसाव्या मिनिटाला मिसिंग: जुन्या मोटरसायकलमधल्या एका बिघाडाचा चार महिने घेतलेला माग

पहिल्यांदा झालं ते १४ सप्टेंबरला, रविवारी सकाळी. निघून साधारण पस्तीस मिनिटं झाली होती. चौथ्या गिअरमध्ये गाडी निवांत चालली होती आणि कुणी चावी बंद करून लगेच चालू करावी तसा इंजिनने गचका दिला. यालाच मिसिंग म्हणतात, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण मधूनच न पेटणं. दोन-तीन सेकंद सगळं ठीक. मग लागोपाठ तीन गचके, सायलेन्सरमधून एक फटका, आणि गाडीची निम्मी ताकद गेली. मागून ट्रक येत होता. मी हात दाखवून कशीबशी कडेला आले. इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबले, किक मारली, तर पहिल्या किकला चालू आणि घरापर्यंत एकही तक्रार नाही.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना हे वीस मिनिटांचं प्रकरण ओळखीचं वाटेल. बंद पडून राहिलेली गाडी दुरुस्त करणं सोपं असतं, कारण बिघाड समोर हजर असतो. माझा बिघाड गाडी तापल्यावर यायचा आणि थांबून हत्यारं काढेपर्यंत निघून जायचा. त्याला पकडायला १४ सप्टेंबर ते ११ जानेवारी एवढा वेळ लागला. त्यातला निम्मा वेळ मी चुकीच्या रीतीने शोधत होते, म्हणून हे क्रमवार लिहून ठेवते आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. १९७२ची, दोन सिलिंडरची, साडेतीनशे सीसी, १२ व्होल्टची. दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारे), दोन कॉइल (ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज तयार करणाऱ्या), दोन कंडेन्सर, पॉइंटच्या (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांच्या) दोन जोड्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा. कंडेन्सरचं काम पुढे येईल. पॉइंट सिलिंडर हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवर, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर बसतात. कॉइल आणि कंडेन्सर टाकीखाली. ही रचना पुढे फार उपयोगी पडली, पण सप्टेंबरमध्ये मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी सगळे करतात तेच केलं. दोन्ही स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) बदलले. जुने प्लग बाहेर काढले तेव्हा उजवा छान फिकट तपकिरी होता आणि डाव्यावर किंचित काळी काजळी होती. हा पुरावा होता, पण मी तो हातात घेऊन बघितला आणि फेकून दिला. फोटोसुद्धा काढला नाही. नवे प्लग घातले, पॉइंटचं झाकण उघडून आत एक नजर टाकली, झाकण लावलं आणि चक्कर मारली. तासभर गाडी गुळगुळीत चालली. पुढच्या आठवड्यातल्या दोन चकराही तशाच गेल्या. मी निर्धास्त झाले. २८ सप्टेंबरला, पुन्हा पस्तीस-चाळीस मिनिटांनी, तोच गचका.

आता मागे वळून बघताना कळतं की प्लगमुळे काहीच सुधारलं नव्हतं. झाकण काढता-लावताना आतली वायर हलली आणि तिने आठवडाभर साथ दिली. अधूनमधून येणाऱ्या बिघाडात ही फसगत नेहमीची आहे. कशालाही हात लावला की काही दिवस बरं वाटतं आणि श्रेय नव्या भागाला जातं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी पॉइंट आणि कंडेन्सर मागवले. त्यामागे तर्क होता. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर ही मांडणी चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने १९१०च्या सुमारास मोटारींमध्ये रूढ केली आणि माझ्या गाडीत तीच आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड वेटोळ्यातून तीनेक अँपिअर प्रवाह वाहतो. कॅमने, म्हणजे दांड्यावरच्या उंचवट्याने, पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट उघडण्याच्या क्षणी तिथे ठिणगी उडून प्रवाह रेंगाळू नये म्हणून कंडेन्सर असतो. कंडेन्सर तापल्यावर दगा देतो हे प्रत्येक जुना मेकॅनिक सांगतो, आणि माझी लक्षणं हुबेहूब तीच होती.

भाग यायला १९ दिवस लागले. २४ ऑक्टोबरला पाकीट उघडलं तर कंडेन्सरची पकड वेगळ्याच मॉडेलची निघाली. परत पाठवायचा अर्ज भरा, त्यावर मूळ पावतीचा क्रमांक घाला, भागाचा आणि पाकिटावरच्या चिठ्ठीचा फोटो जोडा, मंजुरीचा क्रमांक येईपर्यंत थांबा, तो क्रमांक खोक्यावर बाहेरून लिहा. मी पहिल्यांदा तो आत चिठ्ठीवर लिहिला, म्हणून खोकं परत आलं आणि टपालखर्च दोनदा पडला. बरोबर भाग ५ नोव्हेंबरला आले. तुम्ही मागवणार असाल तर गाडीच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका, इंजिन क्रमांकाची मालिका कळवा आणि जुन्या भागाचा पट्टीशेजारी ठेवलेला फोटो आधी पाठवा. पॉइंटसुद्धा एकाच मॉडेलला दोन प्रकारचे लागू शकतात.

८ नोव्हेंबरला सगळं बसवलं. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या कागदाने पुसला. हे विसरलं तर नवीन पॉइंटच मिसिंगचं कारण होतात. गॅप ०.३५ मिमी, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडकत सरकेल इतपत. कॅमच्या फेल्टला ग्रीसचा अगदी छोटा ठिपका, नाहीतर कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण, मागे पडतं. मग बल्ब लावून टायमिंग जुळवलं. दुपार त्यात गेली आणि मला ती फार आवडली.

गाडी मात्र आधीपेक्षा वाईट चालली. आता थंड असतानाच उजवा सिलिंडर अडखळत होता. संध्याकाळी अंधारात झाकण उघडून बघितलं तर उजव्या पॉइंटवर निळी-पांढरी ठिणगी सारखी चमकत होती, डाव्यावर जेमतेम ठिपका. मी दोन दिवस वायरिंग पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी हताश होऊन उजव्या बाजूला जुना कंडेन्सर परत लावला आणि उजवा सिलिंडर लगेच शहाण्यासारखा चालू लागला. नवा कोरा कंडेन्सर खराब होता. मीटरवर त्याची धारिता व्यवस्थित दिसत होती, ०.२४ मायक्रोफॅरड. पण पॉइंट उघडताना कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो आणि साधा मल्टिमीटर त्याला दोन-चार व्होल्टवर तपासतो. मीटरमध्ये पास झालेला कंडेन्सर गाडीत नापास होऊ शकतो. त्या दिवसापासून चालू असलेला जुना भाग मी टाकून देत नाही.

तापल्यावरची मूळ तक्रार तशीच होती. १६ नोव्हेंबरला बेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा गचके. त्या दिवशी रस्त्याकडेला बसून मला खरोखर रडू आलं. गाडी विकावी असं नाही वाटलं, पण तिच्यावर बसायची भीती वाटायला लागली होती, आणि ती भीती बिघाडापेक्षा जास्त त्रास देत होती.

२३ नोव्हेंबरला एका निवृत्त मेकॅनिक काकांना फोन केला. मी काय काय बदललं याची यादी सांगायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"बदललंस काय ते राहू दे. गाडी बंद पडायच्या आधी काय करते ते सांग."

"गचके देते, काका."

"एकदम देते की आधी दम लागल्यासारखी ओढते?"

मला सांगता येईना. कोणता सिलिंडर जातो? माहीत नाही. चोक (मिश्रणात पेट्रोल वाढवणारा) ओढल्यावर फरक पडतो? बघितलं नाही. चढावर जास्त होतं की सपाटीवर? आठवत नाही. काका रागावले नाहीत. म्हणाले, "मग अजून तू गाडी बघितलीच नाहीस. आता महिनाभर पाना हातात घेऊ नकोस. वही घे. हे हुकमी आणता आलं पाहिजे. बोलावल्यावर येतं ते सापडतं."

वही घेतली. प्रत्येक चकरीला तारीख, निघाल्याची वेळ, हवेचं तापमान, पहिला गचका कितव्या मिनिटाला, कोणता गिअर, किती ॲक्सिलरेटर, थांबल्यावर किती मिनिटांनी बरं झालं, हे सगळं लिहायचं. पाना मात्र बंद. हे महिनाभर पाळणं अवघड गेलं. हात शिवशिवायचे.

चार चकरांत चित्र दिसू लागलं. थंड सकाळी गचका पन्नासाव्या मिनिटाला यायचा, दुपारी तिसाव्याला. म्हणजे वेळेपेक्षा उष्णतेशी संबंध. ओल्या रस्त्यावर फरक नाही, म्हणजे ओलाव्याचा संशय कमी. हँडल टोकापर्यंत डावी-उजवीकडे फिरवून, उभ्या गाडीवर वायरिंगचा जुडगा हलवून बघितला, काही नाही. आणि काकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गचका एकदम यायचा, बटण बंद केल्यासारखा. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आधी धापा टाकतं, ताकद हळूहळू ओसरते. ठिणगी गेली की इंजिन तोंडावर दार आपटल्यासारखं थांबतं. हा नियम शंभर टक्के नाही, पण तपासाची दिशा ठरवायला पुरतो.

तरीही पेट्रोलची बाजू पुराव्याने बंद करायची ठरवली. पहिली गोष्ट टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरत नाही, आणि हेही अर्ध्या तासानंतरच जाणवतं. गचका आल्यावर थांबून झाकण उघडलं, हवा ओढल्याचा आवाज नाही, लगेच निघाले तर गचके चालूच. मग ३० नोव्हेंबरला उघड्यावर, थंड इंजिन आणि बॅटरीची वायर काढून, टाकीच्या कॉकमधून येणारं पेट्रोल मापाच्या बाटलीत धरलं. मिनिटाला २५० मिलिलिटर. झाकण बंद ठेवून पाच मिनिटांनीही २३०. गाडी लिटरला ३० किलोमीटर देते, ताशी ६० ने चालवली तर तासाला २ लिटर, म्हणजे मिनिटाला फक्त ३३ मिलिलिटर लागतं. गरजेच्या सातपट पेट्रोल येत होतं. हे साधं गणित केल्यावर कार्ब्युरेटर उघडण्याचा मोह सुटला. गचके चालू असताना चोक ओढूनही बघितला. मिश्रण पातळ झालं असतं तर चोकने तात्पुरतं सुधारलं असतं. उलट जास्त बिघडलं.

कोणता सिलिंडर जातो हे शोधायला १४ डिसेंबर उजाडला, आणि ते काम दहा सेकंदांचं निघालं. गचके सुरू झाल्यावर कडेला थांबले, इंजिन अडखळत चालू ठेवलं आणि दोन्ही सायलेन्सर पाइपवर, हेडजवळ, बाटलीतून पाण्याचा एकेक थेंब टाकला. उजवीकडे थेंब पडताक्षणी नाचून उडाला. डावीकडे सुरसुरत हळू वाळला. डावा सिलिंडर पेटत नव्हता. सप्टेंबरमध्ये डाव्या प्लगवरची काजळी हेच सांगत होती. वहीत मी त्या खाली दोन रेघा ओढल्या.

डावा म्हटल्यावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टॅपेट (वॉल्व्हची मोकळीक) एकदा बघून घेतले. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं, वॉल्व्हची मोकळीक बरोबर. यावर जास्त लिहीत नाही, कारण उष्णतेने अचानक जाणारा आणि वीस मिनिटांत परत येणारा सिलिंडर सहसा यांत्रिक कारणाने जात नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या इनलेटच्या रबरावर पाण्याचा फवारा मारून हवा खेचली जाते का तेही बघितलं. नाही.

२१ डिसेंबरची चक्कर मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडली. इंडक्शन पकडीचा टाइमिंग लाइट प्लगच्या वायरला नुसता चिमटा लावून चालतो, आणि वायरमधून विजेचा झटका गेला की दिवा एकदा लुकलुकतो. डाव्या प्लगच्या वायरला पकड लावली, दिव्याच्या वायरी टाकीखालून बॅटरीला जोडल्या आणि हलणाऱ्या किंवा तापणाऱ्या कशालाही लागणार नाहीत अशा बेताने चिकटपट्टीने बांधल्या. धाकटा भाऊ मागे बसला. दिवा त्याने स्वतःच्या हाताच्या तळव्याकडे रोखून धरला, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. संधिप्रकाशात, रिकाम्या रस्त्यावर हळू निघालो. तेहतिसाव्या मिनिटाला गचका आला आणि भाऊ मागून ओरडला, "ताई, गेला! दिवा गेला!" मग "आला", मग "गेला". प्रत्येक गचक्याबरोबर दिवा बुजत होता. पेट्रोलचा दोष असता तर दिवा लुकलुकतच राहिला असता.

दिवा बुजणं म्हणजे झटका प्लगपर्यंत येतच नव्हता. प्लग सुटला, कारण प्लग मेला तरी वायरमध्ये काही ना काही झटका येतो. राहिले कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि त्यांच्यामधल्या वायरी.

इथे गाडीचे दोन वेगळे संसार उपयोगी आले. डावा भाग उजवीकडे लावायचा, उजवा डावीकडे, आणि बिघाड कुठे जातो ते बघायचं. भागासोबत बिघाड सरकला तर तो भाग दोषी. यात एका वेळी एकच अदलाबदल करायची आणि ती वहीत लिहायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी आपल्यालाच कळत नाही कुठलं काय आहे. प्रत्येक भागावर मी रंगाचा ठिपका दिला होता. प्रत्येक प्रयोगाला चाळीस मिनिटं तापवणं आणि मग रात्रभर निवणं, म्हणजे दिवसाला एकच प्रयोग. घाई करून चालत नव्हतं.

२५ डिसेंबरला कॉइल बदलल्या. त्याआधी एक चूक करता करता वाचले. थंड असताना डाव्या कॉइलचा प्राथमिक रोध (जाड वेटोळ्याचा) ४.४ ओहम होता, तापल्यावर ५.२ भरला. मला वाटलं सापडली, आणि नव्या कॉइलची मागणी नोंदवायला घेतली. मग उजवी तापवून मोजली, तीही तेवढीच वाढली. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पंचेचाळीसेक अंशांनी जास्त तापलेल्या कॉइलमध्ये एवढी वाढ व्हायलाच हवी. चांगल्या बाजूशी तुलना केल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे मला तेव्हा पटलं. कॉइलच्या अदलाबदलीनंतरही डावाच सिलिंडर गेला.

याच काळात काही जणांनी सुचवलं की प्लग काढून हेडला टेकव आणि किक मारून ठिणगी बघ. मी ती बघितली होती, निळी, खणखणीत. पण उघड्या हवेत ०.७ मिमीच्या फटीत ठिणगी पडायला फार कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच फटीला कितीतरी जास्त लागतं. आणि थंड इंजिनवर तर माझी गाडी निर्दोषच होती. बिघाड हजर नसताना केलेल्या चाचणीतून बिघाडाबद्दल काहीच कळत नाही.

२८ डिसेंबरला कंडेन्सरची अदलाबदल. डावाच गेला. ४ जानेवारीला पॉइंट डाव्याचे उजवीकडे लावले, पुन्हा गॅप आणि टायमिंग, अर्धा दिवस. तरी डावाच गेला. आता संशयितांची यादी संपली होती. सुटे होणारे सगळे भाग निर्दोष. उरली होती फक्त पॉइंटपासून कॉइलपर्यंत जाणारी हातभर वायर, आणि ती मी नोव्हेंबरमध्येच मीटरवर तपासून पास केली होती. ०.३ ओहम, म्हणजे नुसत्या मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवल्यावर येतं तेवढंच.

त्या रात्री काकांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "रोध कशाला मोजतेस? करंट वाहत असताना व्होल्ट मोज." एवढंच.

ही चाचणी मला सप्टेंबरमध्ये ठाऊक असायला हवी होती, म्हणून नीट सांगते. इंजिन हाताने फिरवून त्या बाजूचे पॉइंट मिटलेले राहतील असं थांबवायचं. चावी चालू. आता कॉइलमधून पूर्ण प्रवाह वाहतो आहे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या खिळ्याला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला. वायर, पॉइंट आणि अर्थिंग ठणठणीत असतील तर आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. जे काही व्होल्ट दिसतील ते त्या वाटेत वाया जात आहेत. मिनिटभराच्या आत चावी बंद करायची, नाहीतर कॉइल विनाकारण तापते. अशीच चाचणी बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलच्या धन टोकापर्यंत केली तर चावी, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि फ्यूजची घरं तपासली जातात. माझ्याकडे त्या बाजूला ०.४ व्होल्ट जात होते, एवढ्या वयाच्या वायरिंगला ठीकच म्हणायचे.

११ जानेवारी, रविवार. थंड इंजिनवर मोजलं. उजवी बाजू ०.०९ व्होल्ट. डावी ०.३१. पावणेतीन अँपिअरला तेवढा फरक म्हणजे ओहमचा दहावा हिस्सासुद्धा नाही, साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर तो दिसणं शक्यच नव्हतं. पण शेजारी निरोगी बाजू होती आणि डावी तिच्या तिप्पट होती. माझे हात थरथरायला लागले. गाडी काढली, गचके येईपर्यंत चालवली, आल्याबरोबर बंद करून, भावाला टाकी धरायला लावून, दोन मिनिटांत मीटर लावलं. उजवी ०.०९. डावी १.४. आणि मी बघत असतानाच डावा आकडा एकदम १२.४ वर उडाला. वाट पूर्ण तुटली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा बिघाड माझ्या डोळ्यांसमोर उभा होता, इंजिन बंद असताना, हलत नसताना.

पुढचं बोटांनी केलं. गरम वायर थोड्या थोड्या अंतरावर दोन चिमटींत धरून हळू ताणत गेले. धड वायर ताणली जात नाही, आतलं तांबं धरून ठेवतं. पॉइंटच्या घरातून बाहेर पडल्यावर चार बोटांवर, जिथे ती हेडच्या पंखांना (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांना) वळसा घालून वर वळते, तिथे वायर रबरासारखी लांबली. वरचं आवरण चकचकीत, एकही चीर नाही. कापून सोललं तेव्हा आत काळ्या पडलेल्या तुटक्या तारा होत्या आणि त्यांतली एक, फार तर दोन, अजून एकमेकांना टेकलेली. इंजिन तापलं की आवरण मऊ होऊन पसरायचं आणि ती टोकं एकमेकांपासून सुटायची. निवलं की पुन्हा भेटायची. मीटरच्या इवल्याशा प्रवाहाला एक तार पुरत होती, कॉइलला नाही. सायलेन्सरमधले फटकेही त्यामुळेच. डावा सिलिंडर न पेटलेलं मिश्रण बाहेर टाकायचा आणि ते गरम पाइपमध्ये पेटायचं.

त्या वळणावर एक प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळलेली होती. ती दोन वर्षांपूर्वी वायरिंग नीटनेटकं दिसावं म्हणून मीच बांधली होती. इंजिनच्या प्रत्येक थरथरीबरोबर वायर बरोबर त्या एकाच जागी वाकत राहिली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ज्यांना टाकीखाली आवराआवर करायची हौस आहे त्यांनी आज जाऊन आपल्या पट्ट्या बघाव्यात. इंजिनकडून चौकटीकडे जाणाऱ्या वायरीला थोडा झोळ हवा, आणि पट्टी आत वायर फिरेल इतकी सैल.

दुरुस्तीला तासभर लागला. उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन आवरणाची, बारीक तारांची, १ चौरस मिमीची वायर माझ्याकडे आधीच्या कामातली उरली होती. दोन्ही बाजूंच्या वायरी बदलल्या, कारण उजवीवरही तशीच पट्टी होती. टोकं डाखाने न जोडता दाबून बसवली, डाखाच्या कडेला तार ताठ होऊन तिथेच पुन्हा तुटते. पंखांपासून दोन बोटं दूर नेली आणि वर एक सैल वळसा ठेवला.

खर्चाचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर आहे. प्लग, पॉइंट, दोनदा टपालखर्च, एक खराब कंडेन्सर, एक चांगला कंडेन्सर, ज्यांचं कामच नव्हतं. टाइमिंग लाइटचा खर्च सर्वात मोठा आणि तो मला जराही जड वाटत नाही. प्रत्यक्ष बिघाडावर लागलेला खर्च शून्य.

१८ जानेवारीला सकाळी एकटी निघाले. तिसाव्या मिनिटापासून कान इंजिनकडे होते. पस्तीस गेलं, पन्नास गेलं. एका चढावर मुद्दाम चौथ्या गिअरमध्ये ताण दिला. एका तासानंतर मी घड्याळाकडे बघणं थांबवलं. ११० किलोमीटर झाल्यावर गाडी लावली, टाकी उचलली आणि गरम असतानाच मीटर लावलं. उजवी बाजू ०.०७, डावी ०.०७. वहीत तारीख घालून दोन्ही आकडे लिहिले.